बीटीके नसेल तर बी पेशी का घडत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा. तीन वर्षांच्या भाच्याला वर्षभरात पुन्हा पुन्हा न्यूमोनिया झाला, कान वाहत राहिले. तपासणीत आयजीजी (रक्तातली मुख्य अँटिबॉडी) अगदी तळाला आणि बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा वर्ग) जवळपास शून्य. निदान झालं एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया, म्हणजे एक्स गुणसूत्रावरच्या दोषामुळे अँटिबॉडीच न बनण्याचा आजार. डॉक्टरांनी सांगितलं, ‘बीटीके नावाचं प्रथिन तयार होत नाही, म्हणून बी पेशी परिपक्व होत नाहीत.’ प्रश्न विचारणाऱ्या मावशींचं शिक्षण मायक्रोबायोलॉजीतलं आहे. त्या विचारतात: पेशीत हजारो प्रथिनं असताना एकाच्या अभावानं अख्खा पेशीवर्ग कसा नाहीसा होतो? टी पेशी, मोनोसाइट्स या बाकीच्या पांढऱ्या पेशी मग ठीक कशा? पुस्तकात पॅक्स-५, इकारोस ही नियामक प्रथिनं वाचली होती, बीटीके त्यांच्यातलंच का? आणि ते प्रथिन बाहेरून देता येणार नाही का?

पॅक्स-५ पासून सुरुवात करते, कारण तिथला गोंधळ मिटला की बाकीचं सोपं जातं.

बी पेशी घडताना दोन अगदी वेगळ्या प्रकारची प्रथिनं हुकूम चालवतात. पहिली केंद्रकात, थेट डीएनएवर बसतात आणि कुठलं जनुक चालू, कुठलं बंद हे ठरवतात. इकारोस, ई-२ए, ईबीएफ-१, पॅक्स-५ ही सगळी या गटातली. पेशीनं कोण व्हायचं हे ती ठरवतात. दुसऱ्या गटाला डीएनएशी थेट देणंघेणं नसतं. पेशीच्या पडद्यावर काही घडलं की त्याची खबर आत पोहोचवणं हे त्यांचं काम. बीटीके या दुसऱ्या गटातलं आहे, ते एक कायनेज आहे. म्हणजे फॉस्फेट चिकटवून दुसऱ्या प्रथिनांना जागं करणारं एन्झाइम.

पहिल्या गटाची ताकद किती, हे पॅक्स-५ वरच्या प्रयोगांतून दिसलं. १९९९ मध्ये व्हिएन्नाच्या माइनराड बुसलिंगर यांच्या गटानं आणि बाझेलच्या सहकाऱ्यांनी पॅक्स-५ नसलेल्या उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी तपासल्या. त्या बी पेशी होण्याच्या वाटेवर पहिल्या टप्प्यात, म्हणजे प्रो-बी टप्प्यात, अडकलेल्या होत्या. पण त्या मुकाट अडकून राहिल्या नव्हत्या. योग्य वातावरण दिलं तर त्यांतून मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) घडत होते, एनके पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या) घडत होत्या, टी पेशीसुद्धा. पुढे २००७ मध्ये त्याच गटानं पूर्ण परिपक्व बी पेशीतून पॅक्स-५ काढून टाकलं, तर ती मागे फिरली आणि तिच्यातून टी पेशी निघाल्या! याचा अर्थ पॅक्स-५ बी पेशीची जनुकं उघडतं इतकंच नाही, बाकीच्या वाटा आयुष्यभर बंदही ठेवतं. नॉच-१ हे जनुक दाबलं की टी पेशीची वाट बंद, एम-सीएसएफ या वाढीच्या संदेशाचा रिसेप्टर (तो संदेश पकडणारं प्रथिन) दाबला की मॅक्रोफेजची वाट बंद. उघडलेल्या जनुकांत सीडी-१९ आहे, आयजी-अल्फा आहे आणि बीएलएनके नावाचं एक प्रथिन आहे. बीएलएनके लक्षात ठेवा, लगेच लागेल. तुमच्या भाच्याच्या रिपोर्टवर बी पेशी मोजायला वापरलेला सीडी-१९ हा खुणेचा रेणू पॅक्स-५ च्याच हुकमानं पेशीवर येतो.

भाच्याच्या अस्थिमज्जेत हा पहिला गट व्यवस्थित काम करतो आहे. इकारोस आहे, पॅक्स-५ आहे, प्रो-बी पेशीही तयार होत आहेत. आपण बी पेशी व्हायचं हे त्या पेशींना पक्कं ठाऊक आहे. गाडी अडते ती पुढच्याच पायरीवर, आणि ती पायरी नीट समजून घेण्यासारखी आहे.

प्रत्येक बी पेशीला स्वतःची वेगळी अँटिबॉडी हवी असते. त्यासाठी रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं पेशीचा डीएनए चक्क कापतात आणि व्ही, डी, जे या तुकड्यांपैकी एकेक निवडून जोडतात. अँटिबॉडीत जड आणि हलकी अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात. आधी जड साखळी. जोडताना सांध्यावर काही अक्षरं खाल्ली जातात, काही टीडीटी नावाचं एन्झाइम मनाला येईल तशी घालतं. विविधता यातूनच येते, पण किंमतही मोजावी लागते. जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या गटानं वाचली जातात, त्यामुळे असा बेभरवशी सांधा तीनपैकी साधारण एकदाच वाचता येण्याजोगा बसतो. गुणसूत्रांच्या जोडीतल्या एकावर फसलं तर पेशी दुसऱ्यावर प्रयत्न करते. दोन्ही संधी धरल्या तर हिशेबानं नऊपैकी पाच पेशींच्या पदरी धड वाचली जाणारी जड साखळी पडते. उरलेल्या चारांच्या हाती काहीच नाही. शिवाय वाचली गेली म्हणून ती साखळी नीट दुमडेल याचीही खात्री नसते.

आता पेशीसमोरचा पेच बघा. आपली जड साखळी कामाची आहे की नाही, हे तिला कळायचं कसं? हलकी साखळी अजून बनलेलीच नाही, म्हणजे पूर्ण अँटिबॉडी करून बघायची सोय नाही. यावरचा तोडगा मला अजूनही थक्क करतो. पेशी व्ही-प्री-बी आणि लॅम्डा-५ ही दोन प्रथिनं बनवते. ती मिळून हलक्या साखळीची तात्पुरती बदली म्हणून उभी राहतात. नवी जड साखळी या बदलीशी जुळली आणि शेजारी आयजी-अल्फा व आयजी-बीटा ही जोडी असली, की ते सगळं मिळून पडद्यावर येतं. यालाच प्री-बी सेल रिसेप्टर म्हणतात. त्याला बाहेरच्या कुठल्या जंतूची गाठ पडावी लागत नाही. तो नीट जुळून पडद्यावर आला, हीच चाचणी पास झाल्याची खूण.

पास झालं, पण हे आत कळवायचं कोणी? रिसेप्टर जुळला की लिन आणि सिक ही कायनेज आयजी-अल्फा, आयजी-बीटाच्या शेपटांवर फॉस्फेट लावून कामाला लागतात. बीएलएनके मचाणासारखं मध्ये उभं राहतं, त्यावर बाकीची मंडळी जमतात. तिकडे पीआय-३ कायनेज पडद्याच्या आतल्या बाजूला पीआयपी-३ नावाचं लिपिड तयार करतं. बीटीकेच्या एका टोकाला पीएच नावाचा भाग असतो, तो या लिपिडला चिकटतो आणि बीटीके पेशीद्रवातून पडद्यापाशी खेचलं जातं. तिथे त्याच्या ५५१ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट लागतं आणि ते जागं होतं. जागं झालेलं बीटीके पुढे पीएलसी-गॅमा-२ ला जागं करतं. मग पेशीत कॅल्शियम वाढतं, एनएफ-कॅप्पा-बीसारखी प्रथिनं केंद्रकात शिरतात आणि तिथे पुन्हा पहिल्या गटाचा, जनुकं चालू-बंद करणाऱ्यांचा कारभार सुरू होतो.

त्या निरोपानंतर पेशी जगते, काही वेळा विभागते, दुसऱ्या गुणसूत्रावरची जड साखळीची जोडणी थांबवते आणि मग हलक्या साखळीच्या कामाला लागते. विभागणी चालू असताना रॅग बंद असतं, ती संपली की पुन्हा चालू होतं. डीएनएची प्रत निघत असताना तो कापणं धोक्याचं, म्हणून ही शिस्त.

थोडक्यात, बीटीके परीक्षा घेत नाही, निकालाची चिठ्ठी घरी पोहोचवणाऱ्या पोस्टमनचं काम करतं. आणि प्रो-बी पेशीच्या बाबतीत नियम असा कडक आहे की चिठ्ठी आली नाही तर मरायचं. निकाल येईपर्यंत थांबून राहण्याची मुभा नाही. बीटीके नसेल तेव्हा उत्तम जड साखळी बनवलेली पेशी आणि सपशेल फसलेली पेशी यांच्यात फरकच उरत नाही. दोघी मरतात. एका प्रथिनानं अख्खा पेशीवर्ग जातो तो यामुळे. घडवण्याचं काम बिघडलेलं नाही, घडलेल्या पेशीला जगू द्या हे सांगणारं कोणी नाही.

हे नुसतं तर्कानं मांडलेलं नाही. असाच आजार, म्हणजे अँटिबॉडी नाहीत आणि बी पेशीही नाहीत, जड साखळीच्या म्यू जनुकातल्या दोषानं होतो, लॅम्डा-५ च्या दोषानं होतो, आयजी-अल्फा, आयजी-बीटा, बीएलएनके यांच्याही दोषानं होतो. निरोपाच्या या साखळीतली कुठलीही कडी काढा, चित्र तेच. फक्त ही जनुकं एक्स गुणसूत्रावर नाहीत, म्हणून हे आजार मुलींनाही होतात आणि फार विरळा आढळतात. अशा रुग्णांपैकी साधारण ८५ टक्क्यांमध्ये दोष बीटीकेतच सापडतो.

अडथळा शंभर टक्के नसतो, हेही सांगायला हवं. काही पेशी कशाबशा पलीकडे जातात. या आजारात रक्तातल्या लिम्फोसाइट्समध्ये बी पेशी बहुधा २ टक्क्यांहून कमी असतात, अगदी शून्य असतातच असं नाही. काही म्युटेशनमध्ये थोडंफार काम करणारं बीटीके तयार होतं, त्या मुलांचं निदान उशिरा, क्वचित मोठेपणी होतं. टॉन्सिल मात्र जवळजवळ दिसतच नाहीत, कारण टॉन्सिलचा बराचसा ऐवज बी पेशींचाच. वारंवार घसा-कान धरणाऱ्या मुलाच्या घशात टॉर्च टाकल्यावर टॉन्सिल सुजलेले दिसायला हवेत, इथे जागा रिकामी असते. खर्च शून्य, आणि तरी ही तपासणी राहून जाते.

टी पेशींच्या घडणीतही अशीच चाचणी असते, प्री-टी सेल रिसेप्टरची. पण तिथला निरोप एलसीके, झॅप-७० ही कायनेज नेतात आणि बीटीकेच्या जागी त्याच कुळातलं आयटीके असतं, म्हणून टी पेशींना फरक पडत नाही. मोनोसाइट्समध्ये बीटीके असतं, पण त्यांचं जगणं त्यावर अवलंबून नसतं. निदानासाठी ही फार सोयीची गोष्ट ठरते. बी पेशीच नसताना बीटीके शोधायचं कुठे? मोनोसाइट्समध्ये. फ्लो सायटोमेट्रीनं, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तपासणाऱ्या चाचणीनं, ते काही तासांत बघता येतं. एक सावधगिरी ठेवावी लागते. काही म्युटेशनमध्ये प्रथिन तयार होतं पण काम करत नाही, तेव्हा फ्लोचा रिपोर्ट नॉर्मल येतो. म्हणून जनुकाचं सिक्वेन्सिंग केल्याशिवाय फाइल बंद करायची नाही.

मायक्रोबायोलॉजीच्या माणसाला आवडेल असा सर्वांत सुंदर पुरावा आईच्या रक्तात असतो. आई वाहक असेल तर तिच्या एका एक्सवर चांगलं बीटीके, दुसऱ्यावर बिघडलेलं. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गर्भावस्थेतच बंद होतो, कुठला ते नशिबावर. त्यामुळे तिच्या मोनोसाइट्सचा आलेख काढला तर दोन टेकड्या दिसतात, एक बीटीके असलेल्यांची, एक नसलेल्यांची. बी पेशींचा आलेख काढा, टेकडी एकच! बिघडलेला एक्स वापरणाऱ्या सगळ्या बी पेशी त्या चाचणीपाशीच गळाल्या आणि चांगला एक्स वापरणाऱ्यांनी जागा भरून काढली. एकाच शरीरात, एकाच अस्थिमज्जेत, तेच अन्न, तेच हॉर्मोन्स मिळत असताना. दोष पेशीच्या आतला आहे, भोवतालचा नाही, हे याहून स्वच्छ कुठल्या प्रयोगानं दाखवता आलं नसतं. पैसा आणि वेळ खाणाऱ्या ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ चूर्ण-सिरपांचा विषयही इथेच संपतो. गळणाऱ्या पेशीला पौष्टिक काही कमी पडलेलं नसतं.

उंदरांबद्दलचा एक इशारा देऊन ठेवते, कारण तुम्ही पुस्तकं उघडणार. झिड नावाच्या उंदरांत बीटीकेचा दोष आहे (२८ व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन), आणि तरी त्यांच्यात बी पेशी बऱ्यापैकी असतात. जंतूंच्या शर्करेच्या कवचाविरुद्ध अँटिबॉडी मात्र नीट बनत नाहीत. बीटीके मुळात नसलेल्या उंदरांतही दोष सौम्यच राहतो, कारण तिथे टेक नावाचं नात्यातलं कायनेज बरंचसं सांभाळून घेतं. माणसात ते पुरत नाही. उलट इंटरल्यूकिन-७ या वाढीच्या रेणूचा संदेश तुटला तर उंदराच्या बी पेशी कोसळतात, पण त्याच संदेशात दोष असलेल्या एक्स-लिंक्ड सिड या जन्मजात तीव्र प्रतिकारदोषाच्या बाळांत टी पेशी नसतात, बी पेशी असतात. तेव्हा उंदरावर लिहिलेल्या प्रकरणातली वाक्यं भाच्याच्या रिपोर्टला जशीच्या तशी लावू नका.

आता औषधाचा प्रश्न. बीटीके बाहेरून का देता येत नाही? ते पेशीच्या आत लागतं, तेही नेमक्या त्या टप्प्यावर, आणि अस्थिमज्जेत रोज नव्यानं घडणाऱ्या प्रत्येक पेशीत. शिरेतून दिलेलं प्रथिन तिथे पोहोचत नाही. देता येते ती शेवटची वस्तू, म्हणजे अँटिबॉडी, कारण तिचं काम पेशीबाहेर, रक्तात असतं. ऑग्डन ब्रूटन या अमेरिकी लष्करी बालरोगतज्ज्ञांनी १९५२ मध्ये नेमकं हेच केलं. वॉल्टर रीड रुग्णालयात आठ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तात न्यूमोकॉकस या जंतूंचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत होता. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेच्या साहाय्यानं प्रथिनं वेगळी करणाऱ्या तपासणीत) त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडींचा प्रथिनगट, दिसेचना. ब्रूटननी ते त्वचेखाली टोचायला सुरुवात केली आणि मुलाचं आजारपण थांबलं. बिघडलेलं जनुक सापडायला १९९३ उजाडलं, दोन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधलं आणि ब्रूटनचं नाव त्याला मिळालं. बीटीकेतला ‘बी’ तोच.

आजही उपचार मूळ कल्पनेत तोच आहे. आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातून काढलेलं, शिरेतून द्यायचं आयजीजी), वजनाच्या दर किलोला साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम, दर तीन-चार आठवड्यांनी, कारण आयजीजीचं अर्धआयुष्य तीन आठवड्यांच्या आसपास असतं. यातून मिळतं ते आयजीजीच. श्लेष्मल त्वचेवरचं आयजीए यातून भरून येत नाही, त्यामुळे सायनस आणि फुप्फुसांकडे लक्ष ठेवावंच लागतं. छातीतला कफ वेळेवर निघतो ना, श्वासाच्या चाचण्या नियमित होतात ना, हे इंजेक्शनइतकंच महत्त्वाचं. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानं मुळावर इलाज होऊ शकतो, पण आयव्हीआयजी नियमित मिळत असेल तर त्यातली जोखीम बहुतेक वेळा परवडत नाही, असं माझं मत. जनुक-उपचार अजून नेहमीच्या वापरात नाही. खर्चाचा भार मोठा आहे, तेव्हा २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली काय मिळू शकतं ते उपचार करणाऱ्या केंद्रातच विचारा.

बीटीके मुद्दाम बंद पाडण्याचंही औषध आहे, ही गोष्ट विचित्र वाटेल. इब्रुटिनिब बीटीकेच्या ४८१ क्रमांकाच्या सिस्टीनला कायमचं चिकटतं, आणि बी पेशींच्या काही कर्करोगांत ते २०१३ पासून वापरात आहे. तिथे तोच जगण्याचा निरोप कर्कपेशींना मिळत असतो, तो तोडायचा असतो. त्या प्रौढ रुग्णांचं आयजीजी भाच्यासारखं तळाला का जात नाही? कारण अँटिबॉडी बनवणाऱ्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी त्यांच्याकडे आधीच घडून बसलेल्या असतात. भाच्याकडे तो साठा कधी जमलाच नाही. जन्मानंतरचे पहिले सहाएक महिने तो आईकडून आलेल्या आयजीजीवर निभावला, ते संपल्यावर आजारपणं सुरू झाली.

घरच्यांसाठी दोन गोष्टी, ज्या रिपोर्टवर लिहिलेल्या नसतात. पहिली म्हणजे तोंडावाटे द्यायचा पोलिओ डोस त्याला कधीही द्यायचा नाही आणि घरातल्या दुसऱ्या लहानग्यालाही नाही. तो जिवंत विषाणू आहे, आणि एन्टेरोव्हायरसच्या कुळातले विषाणू अँटिबॉडी नसलेल्या मुलांत ठाण मांडतात, मेंदूपर्यंत जातात. पल्स पोलिओच्या दिवशी दारावर येणाऱ्या ताईंना हे नम्रपणे पण ठाम सांगा, डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी ठेवा. घरातल्या बाकीच्या मुलांना इंजेक्शनचा पोलिओ डोस आहे. दुसरी म्हणजे अँटिबॉडी शोधणाऱ्या रक्ततपासण्या त्याच्यासाठी निरुपयोगी आहेत. विडाल, डेंग्यूचं आयजीएम, काहीही. तो अँटिबॉडी बनवतच नाही, म्हणून खोटं निगेटिव्ह. आयव्हीआयजीनंतर उलटं, दात्यांच्या अँटिबॉडी दिसतात आणि हेपॅटायटिस-बीच्या कोअर अँटिबॉडीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊन घरात रडारड होते. ताप आला तर कल्चर किंवा पीसीआर मागा.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला सांगायलाच हवी. तुम्ही मावशी आहात, म्हणजे मुलाच्या आईची सख्खी बहीण. तुमची बहीण वाहक असेल आणि तो दोष तुमच्या आईकडून आलेला असेल, तर तुम्हीही वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. वाहक स्त्रीला त्रास काहीच होत नाही, तो वर सांगितलेल्या एकाच टेकडीमुळे. म्हणून नॉर्मल तब्येत हा पुरावा धरू नका. दोष दर वेळी आजीकडूनच येतो असंही नाही, पुष्कळदा तो आईत किंवा मुलातच नव्यानं उद्भवलेला असतो. घराण्यात असं मूल आधी झालं नव्हतं म्हणून निश्चिंत होऊ नका आणि घाबरूनही जाऊ नका. आधी भाच्याच्या जनुकातलं नेमकं म्युटेशन लेखी मिळवा, मग बहिणीची आणि तुमची तपासणी त्याच एका जागेपुरती करता येते, स्वस्तही पडते. सोबत मोनोसाइट्सची फ्लो. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आणि जवळचंच वाडिया बालरुग्णालय या आजारांचं काम करतात. फ्लोसाठी रक्त ताजं लागतं, म्हणून बाहेरगावाहून कुरिअरनं पाठवण्याआधी लॅबला फोन करून वार ठरवून घ्या, आणि त्यांनी सांगितलं तर तुलनेसाठी नात्यात नसलेल्या एखाद्या निरोगी माणसाचा नमुना त्याच डब्यात पाठवा. तुम्ही गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर ही तपासणी पुढे ढकलू नका. मुलगा झाला तर नाळेच्या रक्तातल्या बी पेशी मोजून पहिल्या दिवसांतच अंदाज येतो, आणि पहिला न्यूमोनिया होण्याआधी उपचार सुरू करता येतात.